घाबरायचा पगार

मॅडम स्वतःहून फोन कधी ठेवत नसत. समोरच्यानं ठेवला की मग कानापासून दूर करायच्या, आणि तरी दोन-तीन क्षण त्या फोनकडे बघत राहायच्या. न जाणो, तिकडून कोणी आणखी काही बोलेल. एकदा कुठल्याशा प्लॉटच्या जाहिरातीचा रेकॉर्ड केलेला फोन आला, तोसुद्धा त्यांनी इमानेइतबारे शेवटपर्यंत ऐकला. मी म्हटलं, "मॅडम, मशीन बोलून राहिली, ठेवा ना." तर म्हणाल्या, "माहीत आहे मले. पण सवय मोडली तर ती नेमकी माणसाच्या वेळी मोडते."

उंच, किडकिडीत बाई. केसांचा पांढरा बुचडा, आणि गळ्यात एक कापडी पिशवी. पिशवीत तीन कंपन्यांचे तीन फोन. एकाचं नेटवर्क गेलं तर दुसरा, दुसऱ्याचं गेलं तर तिसरा. "आणि तिसऱ्याचं गेलं तर?" असं आमच्या ड्रायव्हरदादांनी एकदा सहज विचारलं. दुसऱ्या दिवशी मॅडम ऑफिसात आल्या त्या डोळे सुजवूनच. दादांना म्हणाल्या, "तुम्ही विचारलं ते बरोबर आहे, पण मले त्याचं उत्तर सापडून नाही राहिलं." बिचारे दादा आठवडाभर त्यांच्यासमोर तोंड उघडायला धजावले नाहीत.

मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. शिकून डॉक्टर झालेल्या, पण दवाखाना केव्हाच सोडून संशोधनात आलेल्या. दवाखाना का सोडला याच्या ऑफिसात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही एकमेकींशी भांडणाऱ्या. खरी कोणती हे विचारायची हिंमत कोणातच नव्हती.

मौद्याकडच्या काही गावांत आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या घरी बीपीची मशीन दिली होती. सकाळी आठच्या आत घरच्यांनी म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. आकडे फोनमधून आपोआप प्रताप नगरातल्या आमच्या ऑफिसात यायचे. दर मंगळवारी मी प्रत्येक घरी फोन करून ठरलेले नऊ प्रश्न विचारायचे. महिन्यातून एकदा मॅडम व्हिडिओवर बोलायच्या आणि गरजेप्रमाणे गोळी कमी-जास्त करायच्या. म्हाताऱ्या माणसानं त्यासाठी नागपूरच्या चकरा मारायचं काम नाही. अशा दुरूनच्या उपचारानं माणसं खरंच बरी राहतात का, हे आम्ही शोधत होतो. आम्ही म्हणजे मॅडम. मला तेव्हा फक्त नोकरी हवी होती.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुले कशाची भीती वाटते?"

मी कन्हानची. तीन भावांत वाढलेली, तोंडाची तिखट. छाती पुढे काढून म्हटलं, "कशाचीच नाही मॅडम."

त्यांचा चेहरा पडला. समोरच्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं, ते खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाल्या, "शिकावं लागेल. बाकी ऑफिसात लोकांना काम करायचा पगार मिळतो. आपल्याला घाबरायचा मिळतो." मला हसू आलं. बाहेर येऊन मी आईला फोनवर सांगितलं की नोकरी लागली, पण साहेबीण थोडी सरकलेली आहे. त्या हसण्याची किंमत पुढे एका तिसऱ्याच बाईनं दिली. ती गोष्ट मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही.

मे महिन्यातलं नागपूर आणि मॅडमचा फोन चालू असला की ऑफिसातला कूलर बंद. घामाच्या धारा लागायच्या. त्यांचं म्हणणं असं की कूलरच्या आवाजात पेशंटचा श्वास ऐकू येत नाही. बोलता बोलता त्या टेबलावर बोट टेकवत राहायच्या. आम्हाला वाटायचं चाळा आहे, पण त्या समोरच्याचे श्वास मोजत असायच्या. व्हिडिओ लागला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी घर दाखवा." मग तिकडची सून नाहीतर नातू फोन फिरवायचा. चूल, खाट, दोरीवरचे कपडे, दारातली म्हैस. मॅडम म्हशीचीसुद्धा चौकशी करायच्या. "घरचे लोक म्हाताऱ्याला अंघोळ घालून, टोपी घालून बरोबर मधोमध बसवतात," त्या म्हणायच्या. "त्याच्या आजूबाजूला काय आहे ते आपण मागितल्याशिवाय दिसत नाही." एका घरी खाटेखाली न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी अशाच हेरल्या होत्या.

आणि सकाळची हजेरी! आमची हजेरी सहीनं लागत नसे. प्रत्येकानं खुर्चीवर टेकून बसायचं, दंडाला पट्टा बांधायचा, आणि आलेला आकडा नाव न घालता चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. मग मॅडम चिठ्ठ्या काढून ओळखायच्या, ही कोणाची. "आकडा पाहून माणूस ओळखता आला पाहिजे. नाहीतर आपण कोणावर उपचार करून राहिलो?" एकदा ड्रायव्हरदादांना उशीर झाला, म्हणून त्यांच्या जागी चहावाल्यानं पट्टा बांधला. मॅडमनी चिठ्ठी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हा हात दादांचा नाही." आम्ही सगळे गार. मी मात्र दुपारच्या डब्याला त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं.

सर्वांत मोठा जाच होता तो मागच्या पानाचा. माझा नऊ प्रश्नांचा फॉर्म एका बाजूला छापलेला असायचा. मागचं पान कोरं. नियम असा की फोनवर जे विचारलं नाही आणि तरी ऐकू आलं, ते मागच्या पानावर लिहायचंच. मॅडम फॉर्म हातात घेतला की आधी उलटा करायच्या. मी चिडून काहीबाही लिहायचे. कोंबडा आरवत होता. टीव्ही मोठ्यानं चालू होता. एकदा मुद्दाम लिहिलं, 'आजींनी आज वांग्याची भाजी केली.' वाटलं, आता रागावतील. तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "छान. म्हणजे आजी चुलीजवळ बसू शकते, आणि तिले वास येतो." मला माझीच थोडी लाज वाटली. पण सवय काही बदलली नाही.

आता त्या घराविषयी.

घरात चार माणसं होती, त्यांतली दोन मला ठाऊक. एक आजी, सत्तरीच्या आसपास, आमची पेशंट. दुसरी तिची सून, माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई. प्रत्यक्षात आम्ही एकमेकींना पाहिलेलंही नव्हतं, पण दर मंगळवारी बोलून बोलून गट्टी जमली होती. तिला माझ्या लग्नाची घाई होती. आमच्या गावी या, एकाहून एक पोट्टे दाखवतो, म्हणायची.

त्या घरून सकाळी आठच्या आत आकडा आला नाही असं कधी झालं नाही. ज्या घरून आला नाही, त्याच्या नावासमोर आमच्या पडद्यावर लाल खूण यायची. माझ्या गावांत लाल खुणा जास्त झाल्या की मॅडम मला प्रश्न विचारायच्या, म्हणून मी फोनवर सगळ्यांच्या मागे लागायचे. वहिनीचं मात्र तोंड भरून कौतुक करायचे. "तुमच्या घरची एकही लाल खूण नाही बरं वहिनी! अख्ख्या गावात तुम्ही पहिल्या." ती खूश व्हायची. आकडेही कसे, एकशे दहा, एकशे बारा. गोळी अगदी लागू पडली होती. मॅडम मात्र त्या कागदाकडे बघून नाक मुरडायच्या. "एकही दिवस चुकत नाही म्हणजे कोणीतरी खोटं बोलून राहिलं, नाहीतर कोणीतरी घाबरून आहे." मला राग आला. चांगलं झालं तरी यांना भीतीच.

मग आकडे चढायला लागले. एकशे तीस, एकशे चाळीस. मॅडमनी नाडी आणि बीपी दोन्ही उतरवणारी आणखी एक गोळी दिली. तरी एकशे पन्नास. गोळी दुप्पट केली. त्या दिवशी मॅडमसमोर सह्यांचा ढीग होता, त्यात ही एक सही. मंगळवारच्या फोनवर वहिनी म्हणाली, आईले चक्कर येते, उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी येते. चक्कर हा माझा चौथा प्रश्न होता. मी 'हो' वर खूण केली. बीपी वाढलं की चक्कर यायचीच, असं सगळ्यांनी धरलं.

मधल्या काळात वहिनीनं मला लाजत लाजत सांगितलं होतं की तिला दिवस गेले आहेत. शेवटी सांगितलं तेव्हा सातवा लागला होता. "दवाखान्यात नाव टाकलं ना?" मी विचारलं होतं. "हाव ताई. पण या महिन्यात जाणं नाही झालं. आईले टाकून कशी जाऊ? ते तं उठली का पडते." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की जा. मागच्या पानावर मी हे लिहिलं नाही. पेशंट आजी होती, सून नव्हती.

आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी, नऊ प्रश्न संपल्यावर, वहिनी हसत म्हणाली, "ताई, एक गंमत सांगू? माह्या चपला आखडल्या वाटते. पायातच जाऊन नाही राहिल्या. यांच्या सपाता घालून फिरतो मी अंगणात."

मी पण हसले. म्हटलं, "भाऊंना सांगा, आता बाळासोबत तुम्हालापण नवीन चपला घ्या."

सहाला पाच कमी होते. कन्हानची बस चुकली तर पुढची कधी मिळेल त्याचा भरवसा नसायचा. मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या पानावर लिहिलं, 'विशेष काही नाही.'

पुढचा सोमवार. सकाळची हजेरी झाली, मॅडमनी आमच्या चिठ्ठ्या ओळखल्या आणि मग गावांचे कागद घेऊन बसल्या. त्या घराच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्या उठल्या आणि कूलर बंद केला. फोन चालू नसताना कूलर बंद करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"या गोळीनं नाडी उतरते," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. उतरली नाही. शहाण्णव आहे."

"आजी गोळी खात नसेल मॅडम."

"मग चक्कर कशाची?"

त्यांनी कागद उजेडात धरला, चिठ्ठी धरायच्या तसाच.

"हा हात आजीचा नाही," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं कोण आहे?"

"मुलगा. आजोबा. आणि सून." "मॅडम, सुनेला सातवा चालू आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा त्या घराचा माझा फॉर्म उचलला, उलटा केला, वाचला आणि खाली ठेवला. मग पिशवीतून पहिला फोन काढला.

व्हिडिओ लागला. वहिनीचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. पापण्या फुगलेल्या, गाल फुगलेले. मला वाटलं, गुबगुबीत आहे; ती बीपीनं आलेली सूज होती. मॅडम या वेळी घर दाखवा म्हणाल्या नाहीत. "आजीले पट्टा बांध, माझ्यासमोर," एवढंच म्हणाल्या.

"आत्ता? सकाळी झालं ना मॅडम."

"आत्ता."

खाटेवरची आजी कुरकुरली. "नको वं माय, तो पट्टा दंड आवळते, जीव घाबरते माहा." तरी पट्टा बांधला गेला. अठ्ठ्याण्णव, साठ. नाडी बावन्न. आमच्या गोळ्यांनी म्हातारीला खाटेला खिळवलं होतं.

"आता तुझ्या दंडाला बांध."

वहिनीनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "मॅडम, रागावू नका. आईले तो पट्टा सोसतच नाही, रडते ते. आकडा नाही गेला तं लाल खूण येते, मशीन वापस नेतील, असं वाटे मले. म्हणून मीच बांधत होती पहिल्यापासून. ताईच म्हणे ना का बीपी मिठानं वाढते. एकाच गंजातली भाजी खातो आम्ही, एकच मीठ. मले वाटलं, एका घरचं बीपी एकसारखंच राहत असंन."

मिठाचं मीच सांगितलं होतं. छापील कागद वाचून दाखवला होता.

तिनं पट्टा बांधला. मशीनची घरघर संपली. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चौदा.

"डोकं दुखते?"

"तीन दिवस झाले. डोळ्यांपुढे चमकते पण. उन्हाचं असंन."

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "आता तू डाव्या कुशीवर निजून राहा, पोरी. फोन जवळ ठेव. ठेवू मात्र नको. मी आहे." दुसऱ्या फोनवरून त्यांनी १०८ ची गाडी बोलावली, तिसऱ्यावरून आशा कार्यकर्तीला शेजारच्या गावाहून निघायला सांगितलं. तीन फोनांची आम्ही किती टिंगल केली होती. मग त्यांनी मला हाताला धरून जिना उतरवला आणि दादांनी गाडी काढली.

भंडारा रोडवर वीज प्रकल्पाच्या राखेच्या ट्रकांची रांग होती. मॅडमना एरवी ट्रकच्या मागे गाडी गेली तरी धडकी भरायची, दादांना चाळीसच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्या डोळे मिटून मागच्या सीटवर बसल्या होत्या, फोन स्पीकरवर, आणि वहिनीला बोलतं ठेवत होत्या. म्हशीचं नाव काय? दूध किती देते? बाळाचं नाव ठरलं का? वहिनी उत्तरं देत होती. मग उत्तरं उशिरा यायला लागली. मॅडमचं बोट गुडघ्यावर टेकत होतं, उचलत होतं, टेकत होतं. मग ते थांबलं.

फोनमधून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आजीची किंकाळी. "धावा वं! पोरीनं डोळे फिरवले! झटके येऊन राहिले!"

"आजी, तिले कुशीवर ठेवा! तोंडात काही घालू नका!" मॅडम ओरडत होत्या. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तिकडे शेजारपाजारच्या बायका जमल्या असाव्यात, कालवा झाला. त्यातून आजीचाच आवाज वर आला, "चप्पल हुंगवा! चप्पल आणा कोणीतरी, तिच्या नाकाले लावा चप्पल!"

झटके आले की चप्पल हुंगवतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण त्या क्षणी मला ते काही आठवलं नाही. मला फक्त सुजलेल्या पायात न जाणारी चप्पल आठवली, आणि मी हसले होते ते आठवलं. त्याच वेळी नेटवर्क गेलं. दुसऱ्या फोनवर गेलं, तिसऱ्यावरही गेलं. दादांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणाकडेच नव्हतं. मॅडम तरीही फोन कानाला लावून बसल्या होत्या.

मौद्याच्या अलीकडे समोरून १०८ ची गाडी आली आणि सायरन वाजवत नागपूरकडे गेली. "वळवा," मॅडम म्हणाल्या.

वहिनी वाचली. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती आणि ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाळ राहिलं नाही. मुलगी होती.

मोठ्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, लोखंडी बाकावर, मी मॅडमना चपलेचं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. वाटलं, त्या ओरडतील, नोकरीवरून काढतील. दोन्ही मला हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मग तू घाबरली काहून नाहीस?"



महिन्याभरानं मॅडम मला घेऊन त्या घरी गेल्या. तोपर्यंत त्यांनी वर अहवाल पाठवला होता, त्यात गोळी वाढवण्याची चूक स्वतःच्या नावावर लिहिली होती, आणि सगळ्या गावांतलं काम थांबवून प्रत्येक घरी पट्टा कोणाच्या हाताला बांधतात ते समोर बसून पाहायला लावलं होतं. आणखी बारा घरी हात दुसऱ्याचा निघाला. कुठे नातवाचा, कुठे शेजारणीचा. सगळ्यांनी प्रेमानंच केलं होतं.

मॅडम आजीच्या खाटेसमोर जमिनीवर बसल्या. "तुमची गोळी मी वाढवली. त्या गोळीनं तुम्ही पडल्या, म्हणून ही तपासायला गेली नाही. चूक माझी आहे."

आजी म्हणाली, "तुमची काहून माय? पट्टा तं मीच लावू देत नव्हती."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "नाही, मीच फसवलं सगळ्यांले."

तिघी चूक आपापल्याकडे ओढत होत्या. चौथी मी, दारात उभी. कन्हानची तिखट तोंडाची पोरगी मी, पण त्या दिवशी मला चपलेचं सांगता आलं नाही. चौकटीजवळ वहिनीच्या चपला होत्या. मी त्यांना पाय लागणार नाही अशा बेतानं बाहेर पडले.

मॅडम आता निवृत्त आहेत. प्रताप नगरातच राहतात. सकाळी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधतात आणि चिठ्ठी डब्यात टाकतात. एकटीची चिठ्ठी ओळखायची ती काय, पण उजेडात धरून पाहतात म्हणे. मी दुसऱ्या एका प्रकल्पात आहे. नवीन पोरी हाताखाली येतात, मी त्यांच्या फॉर्मचं आधी मागचं पान वाचते, आणि त्या पाठीमागे माझी नक्कल करतात हेही मला माहीत आहे. करू देत.

वहिनीला यंदा पुन्हा दिवस गेले आहेत. परवा सातवा लागला. दर पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात जाते, तिथले आकडे मला पाठवते, आणि मंगळवारी सकाळी मी तिला व्हिडिओ लावते. माझा फोन झाला की पाच मिनिटांत मॅडमचा येतो. "पाय पाहिले?" एवढंच विचारतात.

आजच्या मंगळवारी वहिनीनं फोन पायरीला टेकवून उभा केला. मला अंगणाचा तुकडा दिसत होता, तिचे पाय आणि शेजारी चपला.

"घाल," मी म्हणाले.

ती लगेच घालेना. तिचा चेहरा चौकटीबाहेर होता, नुसता आवाज आला. "ताई, एक विचारू? तवा मी तुमाले सांगितलं होतं ना, चपला आखडल्या म्हणून. आठवते तुमाले?"

या प्रश्नाला मी इतकी वर्षं भीत होते. मी उठून कूलर बंद केला आणि परत येऊन बसले.

"आठवते," मी म्हणाले. "मी कोणालाच सांगितलं नाही तेव्हा. लिहिलं पण नाही."

"मले वाटलंच होतं. म्हणूनच दर मंगळवारी पाय पाहता."

"हो."

मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि माझं बोट टेबलावर टेकत होतं, उचलत होतं. आता ती फोन ठेवेल, असं वाटलं. मी ठेवणार नव्हते.

"मंग नीट पाहा," वहिनी म्हणाली आणि पाय चपलेत सरकवला. अंगठा गेला. टाच गेली. तिनं पाय उचलून पडद्यासमोर आडवा-उभा फिरवून दाखवला.

"दुसरा," मी म्हणाले.